डाव्या बाजूचा आरसा

अवजड ट्रकचा आरसा फुटला, की नवा घेण्याचा निर्णय बहुधा उभ्या उभ्या होतो. गाडी हायवेवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानापुढे थांबते, ‘कंपनीचा देऊ की लोकल?’ असे विचारले जाते, भाव ठरतो, जुन्याच दांडीला नवा आरसा अडकवला जातो आणि गाडी पुढे निघते. टायर घेताना हाच मालक चार दुकाने फिरतो, नक्षी पाहतो, किती किलोमीटर चालेल याचा हिशोब मांडतो. आरशाच्या बाबतीत मात्र मुख्य प्रश्न विचारायचाच राहतो: या गाडीच्या ड्रायव्हरला रस्त्याचा कोणता तुकडा आज दिसत नाही आणि तो या आरशातून दिसणार आहे का? आरशाची निवड या प्रश्नापासून सुरू व्हावी, भाव, आकार, चकाकी आणि कंपनीचे नाव त्यानंतर यावे, असे माझे म्हणणे आहे. आरशाला जी कसोटी लावायची तीच केबिनच्या आतबाहेर चढवल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला लावावी. ती वस्तू रस्ता दाखवते की झाकते, एवढे पाहावे.

उंच केबिनमध्ये बसलेल्या माणसाला सगळे वरून स्वच्छ दिसत असणार, असा रस्त्यावरच्या लोकांचा समज असतो. लांबचे खरेच दिसते. जवळचे दिसत नाही. थोडी अंदाजे मापे घेऊन हिशोब करून पाहू. समजा, ड्रायव्हरचा डोळा जमिनीपासून २.४ मीटर उंचीवर आहे आणि दारांच्या खिडक्यांची खालची कड १.८ मीटरवर. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून उजवे दार त्याच्या डोळ्यापासून अर्धा मीटरभर अंतरावर आणि डावे दार जवळजवळ १.८ मीटरवर असते. स्कूटरवर बसलेल्या माणसाचे डोके साधारण १.४ मीटर उंचीवर येते. डोळ्यापासून खिडकीच्या कडेवरून जाणारी सरळ रेषा जमिनीकडे उतरवली, तर उजवीकडे दारापासून दीड वीत अंतरातला स्कूटरवालाच काय तो झाकला जातो. डावीकडे हेच अंतर १.२ मीटर होते. म्हणजे डाव्या दाराला लागून एक अख्खी स्कूटर, स्वारासकट, उभी राहू शकते आणि खिडकीतून ड्रायव्हरला तिचा पत्ताही लागत नाही. सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या डाव्या अंगाने पुढे सरकून उभे राहणे ही तर आपल्या शहरांतली रोजची गोष्ट आहे. सिग्नल सुटतो, ट्रक डावीकडे वळतो, लांब गाडीची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून कापत जातात आणि ती नेमकी त्या न दिसणाऱ्या जागेवरून जातात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत दुचाकीवरची ४४.५ टक्के आणि पायी चालणारी १९.५ टक्के होती. हे सगळे मृत्यू ट्रकखाली झालेले नाहीत, हे उघड आहे. पण ट्रकच्या कडेला, त्या १.२ मीटरच्या पट्ट्यात, कोण असण्याची शक्यता जास्त आहे, ते या आकड्यांतून कळते.

ही अडचण जुनीच आहे आणि आपल्याकडे तिच्यावर उपायही जुना होता. तो उपाय म्हणजे क्लीनर. डाव्या दारातून अर्धे अंग बाहेर काढून ‘चलो, चलो’ म्हणणारा, पत्र्यावर थाप मारून थांबवणारा, अरुंद गल्लीत उतरून गाडी मागे घ्यायला लावणारा तो पोरगा म्हणजे ट्रकचा डावा डोळा होता. दुसरा उपाय होता कानाचा. ट्रकच्या मागे हॉर्न वाजवायची विनंती रंगवलेली असायची, कारण मागून कोण येते ते आरशात दिसेलच याची खात्री कोणालाच नव्हती. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये व्यावसायिक गाड्यांवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास मनाई केली. विनाकारण हॉर्न वाजू नये हा त्यामागचा हेतू रास्तच होता. पण पाटी गेली, अनेक गाड्यांवरचा क्लीनरही खर्च वाचवण्यासाठी गेला, आता नव्या केबिनमध्ये एसी आला आणि काचा बंद झाल्या. नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन आता सक्तीची आहे. ड्रायव्हरसाठी ती फार मोठी सोय आहे आणि ती यायलाच हवी होती. मात्र थाप आणि हॉर्न ऐकण्यावर चाललेली जुनी व्यवस्था बंद काचेआड चालणार नाही. क्लीनर, थाप आणि हॉर्न या तिघांचे काम आता एका आरशावर आले आहे आणि तो आरसा आपण उभ्या उभ्या विकत घेतो.

आरसा कसा दाखवतो, ते समजून घेण्यासाठी शाळेतला बहिर्गोल आरसा आठवावा लागेल. सपाट आरसा वस्तू जशी आहे तशी दाखवतो, पण रस्त्याची अरुंद पट्टीच त्याच्यात मावते. बहिर्गोल आरशात पसारा जास्त मावतो आणि त्याची किंमत म्हणून प्रत्येक वस्तू लहान होते. किती लहान, ते वक्रता त्रिज्येवर ठरते, म्हणजे हा आरसा ज्या गोलाचा तुकडा आहे त्या गोलाच्या त्रिज्येवर. जितकी त्रिज्या कमी, तितका फुगवटा जास्त, आवाका जास्त आणि प्रतिमा लहान. याचे आकडे काढले तर ते दचकवणारे आहेत. उजवा आरसा डोळ्यापासून एक मीटरवर आहे, त्याची त्रिज्या १,२०० मिलिमीटर आहे आणि एक मोटारसायकल आरशाच्या मागे २० मीटरवर आहे असे धरू. आरशात ती जवळजवळ ५४ मीटर लांबच्या मोटारसायकलीएवढी लहान दिसते. हाच आरसा डाव्या बाजूला लावला, तर तो डोळ्यापासून सव्वादोन मीटर लांब जातो, आणि तीच २० मीटरवरची मोटारसायकल आता ९७ मीटरवर असल्यासारखी भासते. त्रिज्या ३०० मिलिमीटरवर आणली, तर उजवीकडे ती दीडशे मीटरवर आणि डावीकडे तीनशे मीटरच्याही पलीकडे गेल्यासारखी वाटते. म्हणजे ज्या बाजूला धोका जास्त, त्याच बाजूचा आरसा अंतराबद्दल जास्त फसवतो.

यावर अनुभवी ड्रायव्हर आणि मालक हमखास एक आक्षेप घेतात: पंधरा-वीस वर्षे गाडी चालवणाऱ्या माणसाला हे हिशोब लागत नाहीत, त्याच्या नजरेला सवय असते. सवय असते, हे मला पूर्ण मान्य आहे. आरशातली एवढीशी हेडलाइट म्हणजे गाडी किती लांब, हे त्याच्या मेंदूने हजारो वेळा पडताळून पक्के केलेले असते. पण ही सवय त्या एका आरशाची असते. फुटलेल्या १,२०० च्या जागी दुकानदाराने जास्त फुगीर आरसा दिला, तर बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, चौकट तीच, रंग तोच, आणि ड्रायव्हरची वीस वर्षांची नजर पहिल्या दिवसापासून चुकीचे अंतर सांगू लागते. उलट झाले, म्हणजे फुगीर आरशाच्या जागी सपाटसर आरसा आला, तर गाड्या जवळ वाटतात आणि कडेची स्कूटर आरशाबाहेर जाते. अनुभव जितका मोठा, तितका आरसा बदलताना वक्रता सांभाळण्याचा मुद्दा महत्त्वाचा होतो. यासाठी साधी युक्ती आहे. जुना आरसा, फुटलेला असला तरी, दुकानात घेऊन जावा. नवा आणि जुना शेजारी शेजारी, डोळ्यापासून सारख्या अंतरावर धरून, लांबचा एकच खांब किंवा एकच गाडी दोन्हींत पाहावी. दोन्ही प्रतिमा सारख्या मापाच्या आल्या नाहीत, तर तो आरसा त्या गाडीचा नाही, मग दुकानदार काहीही म्हणो.

अवजड गाडीला एकच आरसा पुरत नाही, हे जगभरच्या नियमांनी केव्हाच मान्य केले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांपैकी ४६वा नियम आरशांचा आहे. त्यात ट्रकच्या आरशांचे वर्ग पाडले आहेत आणि प्रत्येक वर्गाने जमिनीचा कोणता तुकडा दाखवलाच पाहिजे, याची मापे दिली आहेत. मला या नियमाची मांडणी फार आवडते, कारण तो आरशाबद्दल बोलताना आधी जमिनीबद्दल बोलतो. मुख्य आरशाने ड्रायव्हरच्या डोळ्याच्या ४ मीटर मागे गाडीलगतची १ मीटर रुंद पट्टी आणि ३० मीटर मागे ५ मीटर रुंद पट्टी दाखवायची. रुंद आवाक्याच्या आरशाने दीड मीटर मागे साडेचार मीटर रुंदी आणि १० ते २५ मीटर मागे १५ मीटर रुंदी दाखवायची. केबिनच्या डाव्या दारावर, खाली पाहणारा जो छोटा आरसा असतो, त्याने दारालगत बाहेर २ मीटर, डोळ्याच्या पुढे १ मीटर आणि मागे पावणेदोन मीटर एवढी जमीन दाखवायची. आपण वर ज्या १.२ मीटरच्या पट्ट्याबद्दल बोललो, तो याच आरशाचा प्रांत. आणि पुढच्या काचेवरून खाली वाकलेल्या आरशाने बंपरपुढचे २ मीटर दाखवायचे, जिथे रस्ता ओलांडणारे मूल ड्रायव्हरला दिसत नाही. वक्रतेची मर्यादाही त्यात ठरलेली आहे: मुख्य आरशाची त्रिज्या १,२०० मिलिमीटरपेक्षा कमी नको, रुंद आवाक्याच्या आणि दाराजवळच्या आरशाची ३०० पेक्षा कमी नको, पुढच्याची २०० पेक्षा कमी नको. प्रत्येक कामाला वेगळी त्रिज्या, कारण अंतर नीट कळणे आणि पसारा जास्त दिसणे या दोन गोष्टी एकाच काचेत मावत नाहीत. अमेरिकेने हाच तिढा दुसऱ्या रीतीने सोडवला. तिथे ४,५३६ किलोपेक्षा जड गाडीला दोन्ही बाजूंना किमान ३२३ चौरस सेंटिमीटरचा सपाट आरसा असावाच लागतो, आणि बहिर्गोल आरसे त्याच्या जोडीला लावले जातात. आपल्याकडे आरशांच्या दर्जासाठी एआयएस ००१ आणि ते बसवण्यासाठी एआयएस ००२ ही मानके आहेत. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. आरसा घेताना त्याच्या पाठीवर मानकाची खूण आणि वर्गाचा आकडा कोरलेला आहे का, ते पाहायला अर्धे मिनिट लागते.

तरीही रस्त्यावर सर्वांत जास्त खपतो तो चिकटवायचा गोल आरसा. मुख्य आरशाच्या कोपऱ्यात टिकलीसारखा लावला, की ब्लाइंड स्पॉटचा प्रश्न सुटला, अशी समजूत आहे. तो निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. गाडी हळू चालली असताना, अगदी कडेला कोणी आहे की नाही, एवढे तो सांगू शकतो. पण त्याचा फुगवटा फार असतो, त्यामुळे त्याच्यात दिसणारी स्कूटर तांदळाच्या दाण्याएवढी होते आणि गाडीच्या हादऱ्यांत तो दाणाही थरथरतो. शिवाय तो मुख्य आरशाचीच जागा खातो. तो लावायचाच असेल, तर मुख्य आरशात जिथे गाडीची स्वतःची पत्र्याची बाजू दिसते त्या आतल्या कोपऱ्यात लावावा, रस्ता दिसतो त्या बाहेरच्या अंगाला कधीच नाही. आणि दाराजवळचा खाली पाहणारा आरसा परवडत असताना त्याऐवजी ही टिकली लावणे, हा वाचवलेला पैसा चुकीच्या जागी वाचवलेला असतो.

काच निवडली तरी निम्मे काम दांडीचे असते, आणि दांडीकडे लक्ष देणारा गिऱ्हाईक विरळा. आरसा एक अंशाने फिरला, की नजरेची रेषा दोन अंशांनी फिरते. मागच्या २० मीटरवर त्याचा अर्थ ७० सेंटिमीटर. दांडीचा सांधा ढिला होऊन आरसा तीन अंशांनी वळला, तर २० मीटरवर दोन मीटरपेक्षा जास्त रस्ता सरकतो, म्हणजे एक पूर्ण मोटारसायकल आरशातून नाहीशी होते आणि ड्रायव्हरला आरसा जागेवर आहे असेच वाटत राहते. थरथरणारा आरसा हे याहून वेगळे दुखणे. काँक्रीटच्या रस्त्याच्या सांध्यांवरून गाडी धडधडत जाते तेव्हा लांब, एकाच टोकाला बांधलेल्या दांडीवरचा आरसा सतत कापतो आणि रात्री मागच्या हेडलाइटच्या जागी उजेडाचा फराटा दिसतो. म्हणून वरखाली दोन्हीकडे पकड असलेली दांडी, घट्ट बसणारा सांधा आणि फार जड नसलेली चौकट पाहावी. दांडीची लांबी बॉडीच्या रुंदीवर ठरवावी, केबिनच्या रुंदीवर नव्हे. गाडीची एकूण रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते, केबिन बऱ्याचदा त्याहून अरुंद असते, आणि आखूड दांडीवरच्या आरशात फक्त बॉडीचे फळकूट दिसते. गळीत हंगामात उसाने भरलेली किंवा कडब्याने फुगलेली गाडी पाहिली, की हे लगेच लक्षात येते: मोळ्या बाहेर आलेल्या आणि आरसा त्यांच्या आड. काचेचा कस पाहायचा असेल, तर एखाद्या उभ्या खांबाचे प्रतिबिंब आरशाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवत न्यावे. बहिर्गोल आरशात ते कडेला सावकाश वाकेल, ते ठीक. मध्येच तुटले, लचकले, पाण्यात हलल्यासारखे झाले, तर काच खराब. आणखी एक गोष्ट मालकांना चैनीची वाटते, मला ती गरजेची वाटते: डावा आरसा बटणाने फिरवण्याची सोय. एकटा ड्रायव्हर असलेल्या गाडीत डावा आरसा हलला, तर त्याला उतरून, वळसा घालून, तो अंदाजाने वळवून, परत चढून पाहावे लागते. असे तीनदा करायला कोणाला वेळ आहे? मग तो तसाच राहतो.

‘आरसे फुटतच असतात, महागडे लावून काय करायचे?’ हा आक्षेप पोकळ नाही. बाजारपेठांच्या गल्ल्या, गोदामांची फाटके, घाटातली समोरासमोरची गाठ, इथे आरशाला धक्का बसतोच. पण यातून निघणारा निष्कर्ष स्वस्त आरशाचा नाही. धक्का बसल्यावर मागे दुमडणारी आणि पुन्हा त्याच खाचेत येऊन बसणारी दांडी घ्यावी, आणि जिची नुसती काच बदलता येते अशी चौकट घ्यावी. मग फुटली तर काच फुटते, बाकी सगळे टिकते. दोन काचा गाडीत सुट्या बाळगता येतात. एका टायरच्या किमतीपुढे हा सगळा खर्च मिळूनही किरकोळ आहे.

आता ॲक्सेसरीजकडे येऊ, आणि इथे आधी आरशाचाच एक दोष सांगायला हवा. आरसा मागचे दाखवतो, पण पुढचे झाकतोही. डोळ्यापासून एक मीटरवर २५ सेंटिमीटर रुंद आरसा असेल, तर १० मीटर पुढचा अडीच मीटरचा तुकडा एका डोळ्याला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांनी पाहिले तरी दोन मीटरच्या आसपास रस्ता लपलेलाच राहतो. शेजारी केबिनचा खांब असतो, त्याची भर पडते. चौकात उजवीकडून येणारी मोटारसायकल आणि ट्रक यांचा वेग असा जुळू शकतो, की ती शेवटपर्यंत त्या आडोशातच राहते. म्हणून ‘मोठा आरसा तो चांगला’ हे खरे नाही. मुख्य आरसा आणि खांब यांच्यात डोळ्याला पलीकडचे दिसेल एवढी फट हवी, आणि मुख्य आरसा व रुंद आवाक्याचा आरसा यांच्यामध्येही. आता याच आरशाच्या दांडीला काळे गोंडे बांधले, काचेच्या वरच्या अंगाला हातभर स्टिकर आणि खालच्या अंगाला झालर लावली, डॅशबोर्डवर फुलांची रास आणि मूर्तींची रांग मांडली, तर ज्या फटीसाठी एवढा हिशोब केला ती बुजते. ट्रक सजवण्यामागची माया मला कळते. महिना महिना घराबाहेर राहणाऱ्या माणसाचे ते घरच आहे, आणि देवाशिवाय घाट उतरायची त्याची तयारी नसते. देव केबिनमध्ये जरूर असावा. पण तो काचेच्या वर मधोमध, छताला लागून बसवलेल्या छोट्या देव्हाऱ्यात असावा, ड्रायव्हरच्या नजरेच्या आणि रस्त्याच्या मध्ये नसावा. रंग, नावे, मोर, कमळे यांच्यासाठी बॉडीच्या फळ्या आहेत, टूलबॉक्स आहे, मागचे फाळके आहे. नजर लागू नये म्हणून बांधलेले गोंडे बंपरखाली लोंबले, तरी त्यांचे काम तेच राहते.

विकत घ्यायच्या वस्तूंमध्ये मी सर्वांत वर ठेवीन ती सगळ्यांत स्वस्त वस्तू, रेडियमची पट्टी. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, आणि ती मानकाप्रमाणे खरोखर उजेड परतवणारी हवी. नुसता चकचकीत कागद दिवसा सारखाच दिसतो आणि रात्री काही कामाचा नसतो. दुसरी, बाजूचे आडवे संरक्षक बार. आरशात न दिसलेला माणूस कडेला पडलाच, तर त्याला मागच्या चाकांखाली जाण्यापासून अडवणारी ती शेवटची वस्तू असते, आणि माल चढवताना अडचण होते म्हणून ती काढून ठेवण्याची पद्धत अत्यंत वाईट आहे. तिसरी, बाजूचे जादा इंडिकेटर, जे ट्रकच्या मध्यभागी पोहोचलेल्या स्कूटरवाल्यालाही गाडी वळते आहे हे सांगतात. डोळे दिपवणारे जादा दिवे आणि पुढे बसवलेले भक्कम लोखंडी गार्ड यांची रस्त्याला काहीच गरज नाही. अशा गार्डवर कारवाई करा, असे केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे.

कॅमेरा आल्यावर आरशाची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. मर्सिडीजने २०१८ मध्ये ॲक्ट्रोस ट्रकचे मुख्य आरसेच काढून त्यांच्या जागी कॅमेरे आणि केबिनमध्ये पडदे बसवले. मागे घेताना कॅमेरा उपयोगी आहे, यात वाद नाही. डंपर आणि मिक्सर यांना तर तो असायलाच हवा. पण आपला चिखल, धूळ, कोकणातला चार महिन्यांचा पाऊस आणि तारा सोडवत बसणारे गॅरेज या सगळ्यांत बंद पडलेला कॅमेरा काहीच दाखवत नाही, तर धुळकट आरसा थोडे तरी दाखवतो. आणि युरोपचा अनुभव याहून खोल काही सांगतो. नेदरलँड्सने २००३ पासून ट्रकना आंधळी जागा दाखवणारा आरसा किंवा कॅमेरा सक्तीचा केला. युरोपीय संघाने २००० नंतर नोंदल्या गेलेल्या ट्रकना ३१ मार्च २००९ पर्यंत जादा आरसे बसवायला लावले. तरीही सायकलस्वार ट्रकखाली येतच राहिले, कारण सहा आरसे लावले तरी माणूस एका वेळी एकातच पाहतो. लंडनच्या परिवहन प्राधिकरणासाठी झालेल्या अभ्यासात असे दिसले, की काचेतून थेट पाहणाऱ्यापेक्षा आरशातून किंवा पडद्यावरून पाहणाऱ्या ड्रायव्हरला प्रतिसाद द्यायला सरासरी ०.७ सेकंद जास्त लागतात. ताशी २४ किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी पावणेपाच मीटर पुढे गेलेली असते. म्हणून लंडनने १२ टनांपेक्षा जड गाड्यांना थेट किती दिसते यावर तारे द्यायला सुरुवात केली. २८ ऑक्टोबर २०२४ पासून तीनपेक्षा कमी तारे असलेल्या गाडीला जादा सुरक्षा यंत्रणा बसवल्याशिवाय तिथे चालता येत नाही. आपल्या मालकाला केबिन बदलता येणार नाही, पण या अभ्यासातून त्याने घेण्याजोगी गोष्ट स्पष्ट आहे: मोकळी ठेवलेली काच कोणत्याही आरशापेक्षा मोलाची आहे, आणि आरसे कमी असले तरी चालतील, पण प्रत्येकाचे काम ठरलेले हवे.

‘मुळात दुचाकीवाल्याने डावीकडून घुसावेच का?’ हा शेवटचा आक्षेप ड्रायव्हर मंडळींचा आहे आणि त्यात तथ्य आहे. घुसू नये. शाळा-कॉलेजांतून, लायसन्स देताना, हे शिकवले पाहिजे. पण जो चुकला त्याची चूक आणि जी शिक्षा होते ती, यांच्यात काही मेळ राहत नाही, आणि त्या शिक्षेचे ओझे ड्रायव्हरही पुढे जन्मभर वाहतो. आरसा त्याचाही बचाव करतो.

नेदरलँड्स आणि जर्मनीत ट्रकच्या तळांवर आरसे जुळवण्यासाठी जमिनीवर रंगवलेल्या जागा असतात. ट्रक ठरलेल्या खुणेवर उभा करायचा आणि प्रत्येक आरशात त्याच्या वाट्याचा रंगीत चौकोन पूर्ण दिसेपर्यंत तो फिरवायचा. आपल्याकडे यासाठी रंगही लागत नाही. मैदानावर खेळाच्या रेषा मारतो ती फक्की पुरते. ट्रान्सपोर्टच्या आवारात, पासिंगच्या आदल्या दिवशी किंवा नवा आरसा बसवल्यावर, वर दिलेल्या मापांनी चौकोन आखावेत: डाव्या दाराला लागून २ मीटरचा, मागे ३० मीटरवर ५ मीटरचा, बंपरपुढे २ मीटरचा. आरशाचे पैसे ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापायची पद्धत असेल तर ती आधी बंद करावी, कारण स्वतःच्या खिशातून भरणारा माणूस सर्वांत स्वस्त आरसाच आणणार. मग दारालगतच्या चौकोनात एक स्कूटर उभी करून तिच्यावर कोणाला तरी बसवावे. ड्रायव्हरने सीटवरून सांगावे, डोके दिसते का, हँडल दिसते का, पुढचे चाक दिसते का. जे दिसत नसेल त्यासाठी आरसा वळवावा, दांडी वाढवावी किंवा नवा आरसा आणावा. आणि सगळे जुळल्यावर दोघांनी जागा बदलाव्यात: स्कूटरवाल्याने केबिनमध्ये चढावे आणि ड्रायव्हरने खाली येऊन, चाकाशेजारी, स्कूटरवर बसून वर पाहावे.